इस्पितळाचें बिल आणि हिशेबाचा हक्क

पावसाळ्याचे दिवस. यवतमाळ शहरांतील एक पेन्शनर गृहस्थ. त्यांची थोडी शेती आर्णीच्या रस्त्यावर. मुलगा संध्याकाळीं शेतावर गेला असतां बांधावरच्या गवतांत त्याच्या पायाला सापानें दंश केला. अशा वेळीं घरांत काय कल्लोळ उडतो तें सांगावयास नको. कोणी म्हणतो सरकारी इस्पितळांत न्या, कोणी म्हणतो जवळ दिसेल त्या दवाखान्यांत चला. पांच मिनिटांत गाडी निघते आणि मुलगा एका खासगी इस्पितळाच्या अतिदक्षता विभागांत पोंचतो. डॉक्टर धांवून येतात, परिचारिका रात्रभर जागतात, आणि पांचव्या दिवशीं मुलगा आपल्या पायांनीं चालूं लागतो. घरच्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू उभे राहतात. आणि नेमक्या त्याच वेळीं खिडकींतून एक कागद पुढें येतो. त्यावरील आकडा पाहून गृहस्थांच्या हातांतील पेढ्यांचा पुडा तसाच राहतो.

हे गृहस्थ कोणी विशिष्ट व्यक्ति नव्हेत. केवळ उदाहरणासाठीं त्यांना येथें उभें केलें आहे. परंतु त्यांच्या मनांत त्या क्षणीं जो पेंच उत्पन्न होतो तो पुष्कळ घरांना परिचित आहे. ज्या हातांनीं मुलाचा जीव वांचविला, त्याच हातांकडे हिशेब मागावयाचा काय? लोक काय म्हणतील? डॉक्टरांस काय वाटेल? या संकोचापायीं कोणी पाटल्या गहाण ठेवून मुकाट्यानें पैसे भरतो आणि पुढें जन्मभर कुरकुरत राहतो. कोणी उलट टोंकास जाऊन खिडकीपाशीं आरडाओरडा करतो, प्रसंगीं कांचाही फोडतो. पहिल्या मार्गानें अन्याय झाला असेल तर तो झांकला जातो. दुसरा मार्ग तर सरळ गुन्ह्याचा आहे. वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रांत २०१० सालापासून स्वतंत्र कायदाच आहे. या दोहोंच्या मधोमध तिसरा मार्ग आहे, व तो सुशिक्षित गृहस्थास शोभणारा आहे. शांतपणें, कागदावर आणि वेळेंत हिशेब मागणें हा तो मार्ग होय.

प्रथम हें बिल अनपेक्षित कां वाटतें तें पाहूं गेल्यास त्याचें कारण प्रसंगांतच सांपडतें. बाजारांत लुगडें घ्यावयाचें तर माणूस चार दुकानें हिंडतो, पोत पाहतो, भाव करतो, आणि न पटल्यास पाय काढतो. मध्यरात्रीं श्वास कोंडलेला रुग्ण घेऊन जाणाऱ्यास यांपैकीं एकही गोष्ट करतां येत नाहीं. कोणता उपचार लागेल हें त्याला समजत नाहीं, किती दिवस लागतील हें डॉक्टरांसही त्या वेळीं निश्चित सांगतां येत नाहीं, आणि पुढें केलेल्या संमतिपत्रावर थरथरत्या हातानें सही होते. जेथें निवड नाहीं तेथें भाव ठरविण्याची शक्तिही एकाच पक्षाकडे राहते. म्हणून अशा व्यवहारांत दुसऱ्या पक्षानें हिशेब अधिक स्वच्छ ठेवावा, ही अपेक्षा न्याय्य ठरते.

त्याचबरोबर इस्पितळाची बाजूही न्यायबुद्धीनें पाहिली पाहिजे. रात्रीं दोन वाजतां रुग्ण येवो अथवा न येवो, डॉक्टर, परिचारिका, प्राणवायु, रक्त तपासणारी प्रयोगशाळा आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाचें यंत्र हीं सर्व सज्ज ठेवावीं लागतात, आणि त्या सज्जतेचा खर्च आलेल्या रुग्णांच्या बिलांवरच पडतो. शिवाय खासगी इस्पितळांच्या दरांवर एरवीं सरकारची सरसकट मर्यादा नाहीं. तेव्हां ‘बिल फार झालें’ एवढाच आक्षेप घेऊन गेलेला गृहस्थ बहुधा हात हलवीत परत येतो. टिकणारे आक्षेप निराळे असतात. जें दिलें नाहीं त्याचे पैसे लावले. एकच बाब दोन नांवांखालीं दोनदां धरली. लावलेल्या दरपत्रकापेक्षां अधिक आकार घेतला. औषधास छापील किंमतीहून जास्त रक्कम घेतली. किंवा सरकारी योजनेंत मोफत असलेल्या उपचारासाठीं पैसे मागितले. अशा आक्षेपास उत्तर द्यावेंच लागतें, कारण तो आकड्यांवर उभा असतो.

आतां कायदा काय म्हणतो? १९८९ सालीं परमानंद कटारा यांच्या अर्जावर निर्णय देतांना सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वांचविण्यासाठीं तातडीची मदत देण्याचें बंधन आहे. पोलिसांचे सोपस्कार त्या मदतीच्या आड येऊं शकत नाहींत. पुढें १९९५ सालीं त्याच न्यायालयानें ठरविलें कीं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेंत येते. जेथें सर्वांनाच संपूर्ण मोफत उपचार मिळतात तेवढी सेवा मात्र त्याच्या बाहेर राहते.

परंतु बिलाच्या दृष्टीनें सर्वांत बोधप्रद हकीकत बंगालमधील आहे. ८ जुलै १९९२ रोजीं हाकिम शेख नांवाचा एक मजूर आगगाडींतून पडला व त्याच्या डोक्यास जबर मार लागला. त्याला एका सरकारी इस्पितळांतून दुसऱ्यांत आणि दुसऱ्यांतून तिसऱ्यांत नेण्यांत आलें. कोठें सोय नव्हती, कोठें खाट रिकामी नव्हती. अखेरीस खासगी इस्पितळांत उपचार झाले आणि सुमारें १७ हजार रुपये खर्च आला. त्या मजुरानें व त्याच्या संघटनेनें हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयांत नेला. १९९६ सालीं न्यायालयानें राज्य सरकारास २५ हजार रुपये भरपाई देण्यास सांगितलें; आणि पैशाची चणचण ही सबब पुढें करून सरकारला जीवरक्षणाच्या कर्तव्यांतून सुटतां येणार नाहीं, असें स्पष्ट केलें. शेतमजूर माणूस जर इतक्या दूर जाऊं शकला, तर शिकल्यासवरल्या कुटुंबानें एक साधा अर्ज लिहिण्यास कचरावें हें बरें नव्हे.

महाराष्ट्रांत खासगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ सालचा आहे. त्याखालील नियमांत १४ जानेवारी २०२१ रोजीं महत्त्वाची भर पडली. रुग्णांच्या हक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर दर्शनी भागीं लावावे, आणि रुग्णांच्या तक्रारी ऐकण्यासाठीं स्थानिक पर्यवेक्षण प्राधिकाऱ्यानें कक्ष ठेवावा, अशी त्यांत तरतूद आहे. बिल थकलें म्हणून रुग्णास अडवून ठेवणें बेकायदेशीर आहे, असें मुंबई उच्च न्यायालयानें २०१४ सालीं म्हटलें. त्याचा अर्थ बिल बुडवावें असा कोणी करूं नये. येणें असेल तर इस्पितळास तें कायद्याच्या रीतीनें वसूल करतां येतें. माणूस मात्र तारण ठेवतां येत नाहीं.

आतां आपल्या पेन्शनर गृहस्थांकडे पुन्हां वळूं. त्यांनीं काय करावें? पहिलें काम असें कीं एकरकमी आकड्याचा कागद परत करून बाबवार बिल लेखी मागावें. दुसरें काम म्हणजे उपचाराच्या कागदपत्रांची नक्कल मागणें. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे जे नियम २००२ सालीं झाले, त्यांप्रमाणें रुग्णानें वा त्याच्या अधिकृत माणसानें मागणी केल्यास ७२ तासांच्या आंत हीं कागदपत्रें द्यावयाचीं असतात. यांत डॉक्टरांचे शेरे, तपासण्यांचे निकाल आणि परिचारिकांनीं प्रत्येक औषध केव्हां व किती दिलें त्याचा तक्ता, हीं सर्व येतात. तिसरा कागद म्हणजे औषधाच्या दुकानाच्या पावत्या. हे तीन कागद शेजारीं ठेवून शाळेंतील मूल उत्तर ताडून पाहतें तसें ताडून पाहावें.

सर्पदंशाचेंच उदाहरण घेऊं. सर्पविषावरील औषध, ज्याला लोक ‘सापाची लस’ म्हणतात, तें कुप्यांच्या मापानें दिलें जातें. विषबाधेचीं लक्षणें असल्यास आरंभीं साधारणतः ८ ते १० कुप्या देतात, आणि प्रकृति पाहून पुढें वाढवितात. समजा, औषधाच्या पावत्यांवर २० कुप्या आहेत आणि परिचारिकांच्या तक्त्यांत १४ च कुप्या दिल्याची नोंद आहे. मग ६ कुप्यांचें काय झालें? त्या उरल्या असतील तर परत होऊन त्यांचे पैसे वजा व्हावयास हवेत. दिल्या असतील तर नोंद हवी. हा प्रश्न विचारण्यास वैद्यकीय ज्ञान लागत नाहीं, वजाबाकी आली म्हणजे पुरे. त्याचप्रमाणें खाटेचे दिवस मोजावे. रात्रीं आठास आलेला रुग्ण पांचव्या दिवशीं सकाळीं दहास घरीं गेला, तर दिवस चार धरले कीं पांच, आणि इस्पितळाचा दिवस मध्यरात्रीं बदलतो कीं चोवीस तासांनीं, हें दरपत्रकावरून पाहावें. ज्या दिवशीं रुग्ण अतिदक्षता विभागांतून साध्या खोलींत आला, त्या एकाच दिवशीं दोन्ही खाटांचें भाडें लागलें आहे काय? परिचारिकांचा आकार खाटेच्या भाड्यांत धरला असून पुन्हां निराळाही लावला आहे काय? डॉक्टरांच्या जितक्या भेटी बिलांत आहेत, तितके शेरे कागदांत आहेत काय? अशा आठदहा प्रश्नांची यादी तयार झाली म्हणजे निम्में काम झालें.

ही यादी घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या दारीं जाऊं नये. बिल बहुधा त्यांच्या हातचें नसतें, आणि रुग्णाच्या प्रकृतीचें बोलणें पैशाच्या बोलण्यांत मिसळूं नये हेंच उत्तम. व्यवस्थापकास भेटावें, अर्जाची एक प्रत द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोंच घ्यावी. जी रक्कम निर्विवाद आहे ती तत्काळ भरावी. घरीं जाण्याच्या घाईनें सर्वच भरावी लागली, तर पावतीवर किंवा अर्जावर ‘आक्षेप राखून रक्कम भरली’ एवढे शब्द लिहावे. पुष्कळ तंटे येथेंच मिटतात, कारण चूक दाखविली असतां ती दुरुस्त करणारीं इस्पितळेंही थोडीं नाहींत.

तेथें न मिटल्यास जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयांत जाऊन तक्रार कोणत्या अधिकाऱ्यापुढें चालेल याची चौकशी करून ती दाखल करावी. ग्राहक साहाय्यासाठीं १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. त्यापुढील पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. नवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सालचा असून तो जुलै २०२० मध्यें अमलांत आला. त्यांतील एक सोय यवतमाळसारख्या जिल्ह्यास फार उपयोगाची आहे. वणी, पुसद, उमरखेड, पांढरकवडा येथील गंभीर रुग्ण पुष्कळदां नागपूर, वर्धा किंवा नांदेडकडे न्यावे लागतात. नव्या कायद्याप्रमाणें तक्रारदार जेथें राहतो तेथील आयोगाकडेही तक्रार करतां येते. म्हणजे नागपूरच्या बिलाविषयींची तक्रार यवतमाळांत चालूं शकते. सेवेसाठीं दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाहीं, आणि वकील दिलाच पाहिजे अशी सक्ति नाहीं. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. रागाच्या भरांत कागद फाडणारा किंवा ‘पुढें पाहूं’ म्हणून ते फडताळांत टाकणारा, दोघेही ही मुदत गमावतात.

येथें एक शंका निघेल कीं, इस्पितळाचीं बिलें अशीं तपासतां येतात हें पुस्तकांत ठीक आहे, पण प्रत्यक्षांत तसें कोठें घडलें आहे काय? घडलें आहे, आणि तें साऱ्या महाराष्ट्रांत घडलें आहे. कोरोनाच्या सांथींत २१ मे २०२० रोजीं राज्य सरकारनें खासगी इस्पितळांतील ८० टक्के खाटांसाठीं दर बांधून दिले. साध्या विभागांत दिवसास ४ हजार, अतिदक्षता विभागांत साडेसात हजार आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रासह ९ हजार रुपये, असे ते दर होते. १ जून २०२१ पासून शहरांचे व गांवांचे तीन वर्ग पाडून लहान ठिकाणांसाठीं तेच दर अनुक्रमें २,४००, ४,५०० आणि ५,४०० पर्यंत खालीं आणले. बिलें तपासण्यासाठीं लेखापरीक्षक नेमण्यांत आले, आणि अधिक घेतलेली रक्कम कित्येक कुटुंबांस परत मिळाली. तो काळ संपला व ते दरही संपले. परंतु बिलाची बाबवार तपासणी केल्यानें इस्पितळें बंद पडत नाहींत आणि डॉक्टरांचा मानही कमी होत नाहीं, ही गोष्ट त्या काळानें सिद्ध करून ठेवली.

तंट्यापेक्षां तंटा टाळणें केव्हांही श्रेयस्कर. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना शेंकडों शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें आजारी पडले आणि वीसांहून अधिक जणांनीं प्राण गमावले. त्या वेळीं पुष्कळांचा आधार ठरलें तें यवतमाळचें वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तें १९८९ सालीं स्थापन झालें. सुशिक्षित कुटुंबांत सरकारी इस्पितळाविषयीं एक प्रकारचा नाकमुरडेपणा असतो. परंतु सर्पदंश आणि विषबाधा यांसारख्या आपत्तींचा सर्वांत अधिक अनुभव बहुधा तेथेंच सांठलेला असतो, आणि सापाची लसही सरकारी इस्पितळांत मोफत मिळते. १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका २०१४ सालापासून राज्यांत धांवत आहे. तो क्रमांक घरांतील प्रत्येक मुलास पाठ असावा.

खासगी इस्पितळांत जावेंच लागलें, तर पहिल्याच दिवशीं तीन प्रश्न विचारावे. हें इस्पितळ महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेंत आहे काय? या योजनेचा लाभ १ जुलै २०२४ पासून राज्यांतील सर्व रहिवाशांस खुला झाला असून कुटुंबास वर्षाला ५ लाखांपर्यंतचें संरक्षण आहे. योजनेंतील इस्पितळांत ‘आरोग्यमित्र’ नांवाचा माणूस याच कामासाठीं बसलेला असतो. दुसरा प्रश्न, हें इस्पितळ धर्मादाय संस्थेचें आहे काय? तसें असल्यास निर्धन व दुर्बल घटकांसाठीं खाटा राखून ठेवण्याचें, आणि तातडीच्या रुग्णास अनामत रक्कम न मागतां दाखल करून घेण्याचें बंधन सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ कक या कलमाखालीं तयार झालेल्या योजनेनें घातलेलें आहे. तिसरा प्रश्न विमा असलेल्यांनीं स्वतःसच विचारावा, कीं आपल्या पॉलिसींत खोलीच्या भाड्याची मर्यादा किती? मर्यादेहून महाग खोली घेतली, तर कंपनी डॉक्टरांच्या शुल्कासारख्या संबंधित खर्चांतही त्या प्रमाणांत काट मारूं शकते. औषधें, तपासण्या आणि अतिदक्षता विभाग यांना मात्र अशी काट लावतां येत नाहीं, असें विमा नियामकानें २०२० सालीं ठरवून दिलें आहे. रस्त्यावरील मोटार-अपघात असेल, तर मे २०२५ पासून अमलांत आलेली केंद्र सरकारची योजना आहे. तिच्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख पैसे न देतां मिळण्याची तरतूद आहे.

हे प्रश्न आजारी माणसाच्या उशाशीं बसलेल्यानें विचारावे, असें म्हणणें थोडें निष्ठुर वाटेल. म्हणूनच घरांतील एक माणूस रुग्णाजवळ आणि दुसरा कागदांजवळ, अशी वांटणी आधींच करून ठेवावी. कागदांजवळच्या माणसानें एक साधी वही घ्यावी आणि तिच्यांत तारीख, वेळ, आणलेलें औषध, दिलेले पैसे व बोललेल्या माणसाचें नांव एवढें लिहीत जावें. आपल्याकडे वाण्याची वही, दुधाची वही, धोब्याची वही घरोघरीं चालत आली आहे. एका लुगड्याची घडी कमी आली तर गृहिणी धोब्यास विचारल्याशिवाय राहत नाहीं, आणि धोबीही त्यांत अपमान मानीत नाहीं. मग जेथें घरची पुंजी पणास लागते, तेथेंच वही कां नसावी?

पेन्शनर गृहस्थांनीं समजा हें सर्व केलें. तीन कागद ताडून पाहिले, सहा कुप्यांचा आणि एका खाटेच्या दुहेरी भाड्याचा प्रश्न नम्रपणें मांडला, व्यवस्थापकांनीं तो पाहिला, आणि तेवढी रक्कम बिलांतून उतरली. उरलेलें बिल मोठेंच होतें. तें त्यांनीं भरलें, कारण तें देणें होतें. त्यानंतर तो पेढ्यांचा पुडा घेऊन ते वर गेले, आणि रात्रभर जागलेल्या परिचारिकांस त्यांनीं पेढे दिले. हिशेब खिडकीपाशीं पुरा झाला होता, म्हणून ते पेढे देतांना त्यांच्या मनांत कसलाही सल उरला नव्हता.